भरणारच नाही

"एकही गोल काळा केला नाहीस?" प्लंबरने हातातला पाना खाली ठेवला.

"चारही उत्तरं चुकीची होती, बाबा. एक नळ टाकी चार तासांत भरतो, तळाचा नळ सहा तासांत रिकामी करतो. दोन्ही उघडले तर किती वेळात भरेल? मी बाजूला लिहिलं, भरणारच नाही."

सुट्टीत लेक त्याच्याबरोबर कामावर यायची, तिथेच हे शिकली होती. त्याला आधी कौतुक वाटलं आणि मग धास्ती. या परीक्षेवर मोठ्या शाळेतली जागा ठरणार होती. उत्तरं यंत्र तपासणार होतं, आणि गोलाबाहेर काही खरडलेलं दिसलं की यंत्र अख्खी उत्तरपत्रिका बाद करतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेकीच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाईंसमोर ते गणित घेऊन उभा राहिला.

"पुस्तकात बारा तास दिलंय," बाई म्हणाल्या.

"पुस्तकानं कधी टाकी बसवलीय का? पाणी चढेल तसा खालचा नळ जोरात सुटतो. अर्ध्याच्या जरा वर येऊन पाणी थांबणार बघा."

दुसऱ्या कुणी त्याला वाटेला लावलं असतं. पण बाईंनी हे गणित तीस वर्षं शिकवलं होतं आणि टाकीत त्या एकदाही डोकावल्या नव्हत्या. आता त्यांना राहवेना.

"आपल्या गच्चीवर आहे एक," त्या म्हणाल्या.

शाळेची टाकी चाळीस मिनिटांत भरायची आणि तळाचा नळ सोडला की तासाभरात रिकामी व्हायची. म्हणजे प्रमाण तेच. दोन्ही नळ उघडले तर दोन तास, असं गणिताच्या सरांनी खडूने गच्चीवरच मांडून दाखवलं. शिपाई पट्टी घेऊन शिडीवर चढला. बघता बघता मधल्या सुट्टीतले सगळे शिक्षक वर जमले.

दोन तासांनी पाणी अर्ध्याच्या जरा वर होतं. सरांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"अजून अर्धा तास देऊ या," ते म्हणाले. दिला. पाणी जागचं हललं नाही.

"मग मी इतकी वर्षं पोरांचे मार्क कापले ते कशाचे?" बाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात कारकून धापा टाकत वर आला. ऑफिसचं छत गळत होतं. सोडलेलं पाणी जातं कुठे, हे प्लंबर प्रत्येक कामावर सगळ्यात आधी बघायचा. आज तो नुसता टाकीकडे बघत राहिला होता. गच्चीचं गटार पाल्याने तुंबलेलं होतं, आणि खाली टेबलावर दुपारी तपासायला पाठवायच्या साठ उत्तरपत्रिकांचा भिजून लगदा झाला होता.

साठही मुलांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. निकाल लागला आणि प्लंबरच्या लेकीला जागा मिळाली.

तो ऑफिसचं छत फुकटात दुरुस्त करायला आला, तेव्हा बाईंनी पेढा मागायच्या आधी वेगळंच विचारलं. "या वेळी मजुरांचं गणित होतं ना? दहा मजूर एक खड्डा सहा दिवसांत खणतात, तर तीस मजूर किती दिवसांत?"

"हो. मीही तेच विचारलं तिला. म्हटलं, तीस माणसं एका खड्ड्यात मावतील का गं?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, नाही मावणार. पण दोन दिवसांचा गोल काळा केला."



"हुशार झाली म्हणायची," बाई म्हणाल्या.

"हो ना," प्लंबर म्हणाला, आणि अभिनंदन कुणी कुणाचं करायचं हे दोघांनाही सुचेना.