उजवीकडे वळण्याचा इशारा

"अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सायकलचे नियम जाणणारा माणूस एकच आहे, आणि तो आत्ता तुमच्याशी बोलून राहिला!"

हे वाक्य मुंजाजी खंदारे गुरुजींनी सोमवारी शाळेत, मंगळवारी पारावर आणि बुधवारी न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना म्हटलं. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी होता, तरी गुरुजी थांबले नाहीत. ज्ञानाचा पूर असाच असतो, वस्तऱ्याला घाबरत नाही!

झालं होतं असं की हिंगोली नवा जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. जिल्हा झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे लोकांना अजून कळलं नव्हतं. म्हणून मग कार्यक्रम घ्यावे लागत. त्या जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला. शिक्षकांना सायकलचे नियम शिकवायचं ठरलं. शंभर जणांना बोलावलं, बावीस आले आणि जेवायला एकशे दहा बसले. पोलीस ठाण्यातल्या बाबूसिंग जमादारांनी एक पुस्तिका अडखळत अडखळत वाचून दाखवली आणि प्रत्येकाला एकेक प्रत दिली. एकवीस गुरुजींनी घरी जाताना तिच्यात भजी बांधून नेली. मुंजाजी गुरुजींनी ती पाठ केली.

तोवर त्यांच्या सायकलला ब्रेक नव्हता, चप्पल होती. घंटी नव्हती, तोंड होतं. आता मात्र दोन्ही ब्रेक, घंटी, आरसा, मागं लाल काच आणि पुढं दिवा असा थाट झाला. बायको सोजराबाई म्हणाली, "नवरीबी एवढी नटत न्हाई!"

"नवरीला रस्त्यावर धोका नसतो, राणीची आई."

"तुमाला कोन सांगितलं?" असं म्हणून सोजराबाई आत गेली. तिच्या डोक्यात गुरुवार होता.

गुरुवारी तिची कळमनुरीला अंगणवाडी सेविकेची मुलाखत होती. सकाळी अकरा वाजता, मूळ कागदपत्रांसह. सोजराबाईनं लग्नानंतर, चूल आणि लेकरू सांभाळत, दोनदा गणितात नापास होऊन तिसऱ्यांदा दहावी काढली होती. लेक राणी आता नववीला होती आणि आईची प्रमेयं तीच तपासायची. आधीच्या एका भरतीत सोजराबाईचा अर्ज कुणीतरी हरवला होता. या वेळी तिनं दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत आणि तिला वरून गाठ, असा बंदोबस्त केला होता.

बेत सोपा होता. गावापासून हमरस्त्यावरचा फाटा तीन किलोमीटर. साडेआठला निघायचं, नऊची साधी गाडी धरून सोजराबाईनं कळमनुरीला जायचं आणि गुरुजींनी साडेदहाच्या घंटेला शाळेत परत. रजा टाकायचीही गरज नाही!

सोजराबाई इस्त्रीचं लुगडं नेसून, अठरा वर्षांच्या सवयीनं कॅरिअरवर बसली.

"उतर," गुरुजी म्हणाले.

"काहून? पंचर हाय?"

"नियम सातवा. सायकलवर दुसऱ्या व्यक्तीस बसवू नये."

"मी दुसरी व्यक्ती?"

"कायद्याच्या नजरेत."

"अठरा वर्सं भाकरी थापून मी दुसरी व्यक्ती झाले व्हय!"

पण गुरुजी तत्त्वाला चिकटले की चिकटले. डिंकानं त्यांच्याकडून शिकावं! शेवटी सोजराबाई उतरली. चालायचंच आहे तर ओझं कशाला, म्हणून पिशवी तिनं हॅंडलला अडकवली आणि झपाझप निघाली.

"अशी न्हाई! पायी चालणाऱ्यानं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालावं!"

झालं! सोजराबाई उजव्या कडेनं, गुरुजी डाव्या कडेनं, आणि मध्ये रिकामा रस्ता. बायकोच्या चालीनं सायकल चालवायची म्हणजे सर्कशीतलं काम. गुरुजी दर पन्नास पावलांना डुगडुगत आणि एक पाय टेकत. त्यात प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी ते थांबून आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे पाहत. तिन्ही वेळा तिथं एकच म्हैस दिसे.

"अहो, चला ना!" पलीकडून सोजराबाई ओरडे.

"घाई हेच अपघाताचं कारण!" अलीकडून गुरुजी ओरडत.

समोरून तांड्यावरचा देवला बैलगाडी घेऊन आला. त्यानं दोघांच्या मधोमध गाडी थांबवली. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे.

"गुरुजी, भांडण लई वाढलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"भांडण न्हाई. वाहतुकीचे नियम आहेत."

"असंच असतंय," देवला कळवळून म्हणाला. "आमच्या घरीबी बोलत न्हाईत कधी कधी."

ते फाट्यावर पोचले तेव्हा नऊच्या साध्या गाडीची धूळ खाली बसत होती. पुढची साधी गाडी साडेअकराला. सोजराबाई गुरुजींकडं पाठ करून उभी राहिली. नवऱ्यांना ठाऊक असतं, बायको बोलते तोवर हवामान ठीक असतं.

"पलीकडं हाटेलापाशी काळी-पिवळी जीप थांबत असंल. जीपनं जा," ते म्हणाले आणि सायकलवर बसले. हॉटेल हमरस्त्याच्या पलीकडं, उजव्या हाताला, जेमतेम वीस पावलांवर.

"हातात धरून न्या की सायकल!"

"मग इशारा कसा करायचा?"

आणि गुरुजींनी आयुष्यातला पहिला शास्त्रशुद्ध इशारा केला. उजवा हात खांद्याच्या रेषेत, ताठ, तळवा पुढं. पुस्तिकेतल्या चित्रातला माणूसही एवढा ताठ नव्हता!

त्याच वेळी डोंगरकड्याकडून जलद गाडी भरधाव येत होती. ही गाडी या फाट्यावर कधीच थांबत नसे. पण 'हात दाखवा, एसटी थांबवा' ही पाटी महामंडळानं गावोगाव लावली होती, आणि त्या आठवड्यात ड्रायव्हरला डेपोत त्यावरूनच झापलं होतं. त्याला रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या कपड्यांत, तारेच्या खांबासारखा हात काढून उभा असलेला माणूस दिसला. तपासणीवालेच असणार! त्यानं कचकन ब्रेक मारला.

गाडीतले उभे प्रवासी बसले आणि बसलेले उभे राहिले. मागच्या केळीच्या टेम्पोनं एसटीला वाचवायला स्टिअरिंग फिरवलं आणि तो रस्त्याच्या कडेच्या चारीत एक चाक घालून, म्हातारा बैल बसावा तसा कलंडून बसला. कुणाला खरचटलंही नाही. पण पाच-सहा घड खाली आले आणि हॉटेलातली सगळी गर्दी मदतीला धावली. मदत इतकी मनापासून झाली की दोन मिनिटांत रस्त्यावर फक्त सालं उरली.

"चढा लवकर!" कंडक्टर ओरडला.

"आम्हाला चढायचं नाही," गुरुजी हात तसाच ठेवून म्हणाले. "हा वळण्याचा इशारा आहे."

ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "वळायचंय तं वळ ना बाप्पा! साऱ्या गावाला हात काहून दाखवून राहिला?"

"तुमी पुस्तिका वाचली का?"

"मी गाडी चालवून राहिलो का शाळा?"

मागं टेम्पोवाला, "मेरा माल कौन भरेगा?" म्हणून टाहो फोडत होता. गुरुजी त्याला सुरक्षित अंतराचा नियम समजावू लागले. दोन वाहनांत किती अंतर असावं, हे ते हातानं मापून दाखवत होते, तेवढ्यात सोजराबाई शांतपणे रस्ता ओलांडून एसटीच्या पायरीवर चढली.

"कळमनुरी एक," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "तुमी वळा सावकाश."

टिंग टिंग! गाडी निघाली.

गुरुजींना बरंच वाटलं. साधी गाडी चुकली तर जलद मिळाली! याला म्हणतात नियम पाळण्याचं फळ. समाधानानं त्यांनी हॅंडलवर हात ठेवला आणि हाताला पिशवी लागली. गाठ मारलेली. दाखल्यांची!

"ओ! थांबवा! थांबवा!" गुरुजींनी उजवा हात हलवला, डावा हलवला, मग दोन्ही हलवले.

आत काय झालं ते सोजराबाईनं नंतर सांगितलं. कंडक्टर म्हणाला होता, "मास्तर अजून हात दाखवून राहिलेत." ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. "वळून राहिले असतील. वळू दे!" आणि त्यानं गिअर बदलला.

त्यानंतर गुरुजींनी जी सायकल हाणली, तिला नियमांच्या भाषेत नाव नाही. टेम्पोवाला मागं शंभर पावलं धावला आणि दमून उरलेल्या केळीकडं परत गेला. कळमनुरी अठरा किलोमीटर होतं. तीन किलोमीटरमध्ये गुरुजींचा घसा कोरडा पडला, चौथ्यात आरसा गळून पडला. डोळ्यांपुढं एकच चित्र होतं: खुर्चीवर साहेब, समोर सोजराबाई, आणि साहेब विचारतायत, "बाई, कागद?" तिचा तो अपमान नुसता मनात आला, तरी त्यांचे पाय आपोआप फिरत होते.

एवढ्यात शेजारून उसाचा ट्रॅक्टर गेला. दोन ट्रॉल्या, मागं लोंबणारी साखळी.

नियम अकरावा: चालत्या वाहनास धरून सायकल चालवू नये. गुरुजींनी अकरावा नियम म्हटला, डोळे मिटले आणि साखळी धरली!

वारा लागला. उसाचं पाचट तोंडावर येऊ लागलं. एका हातात साखळी, दातांत पिशवी, कारण हॅंडलवर ती चाकात जात होती. असे गुरुजी बाळापूरच्या चौकात शिरले तेव्हा कर्कश शिट्टी वाजली. ट्रॅक्टरवाला थांबला. बाबूसिंग जमादार समोर!

"गुरुजी? तुमी?"

गुरुजींनी दातांतली पिशवी काढली. "गुन्हा कबूल आहे."

"कोन्ता?"

"नियम अकरा. शिवाय एका हाताने चालवणे, नियम चार. दृष्टीस अडथळा, नियम नऊ. आरसा पडला, त्याचा नियम न्हाई, पण असायला पाहिजे."

जमादार डोकं खाजवू लागले. "एवढे नियम हायेत?"

"तुमीच वाचून दाखवले!"

"वाचून दाखवले व्हय. पन ऐकले थोडेच! जा गुरुजी."

"कारवाई करा! नियम म्हणजे नियम."

"अहो, मला वाहनाचा नंबर लागतो लिव्हायला. सायकलीला नंबर कुठून आणू? जा म्हनलं ना, लोक हासून राहिले!"

स्वतःविरुद्ध कारवाई करून घेण्याच्या या आग्रहात वीस मिनिटं गेली. तोवर ट्रॅक्टर कंटाळून निघून गेला आणि उरलेले किलोमीटर गुरुजींना पायांच्या बळावर, शुद्ध कायदेशीरपणे, काढावे लागले.

पंचायत समितीच्या आवारात ते पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगावर पाचट, डोळे लाल, शर्टाचा रंग शोधावा लागेल असा. व्हरांड्यात दहा-बारा कारकून उभे होते. गुरुजी दिसताच टाळ्या वाजल्या!

"आले! कागद आले!"

सोजराबाईनं साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं होतं: कागद सायकलवर येऊन राहिलेत, नियमानं येऊन राहिलेत, म्हणून उशीर आहे. साहेब इतके हसले की त्यांनी प्रश्न आधी विचारून घेतले आणि दोन वाजेपर्यंत मुदत दिली. "चाळीस लेकरांना तू कशी सांभाळशील?" या प्रश्नाला ती म्हणाली होती, "साहेब, घरी एकाला अठरा वर्सं सांभाळून राहिले." निवड तिथंच ठरली असावी.

दाखले तपासले गेले. सोजराबाईनं पदरानं डोळे पुसले, मग नवऱ्याच्या केसांतलं पाचट काढलं. "लई तकलीफ झाली ना?" ती म्हणाली. गुरुजींना अठरा किलोमीटर वसूल झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात आवारात राजदूत फटफटी थांबली. तिच्यावरून शिक्षण विस्तार अधिकारी पुनमचंद पवार उतरले.

"जयभीम, खंदारे गुरुजी! इथं कसे? मी तुमच्याच शाळेतून येऊन राहिलो. रस्ता सुरक्षेचा नमुना पाठ बघायला गेलो व्हतो, तुमचा."

गुरुजींच्या पायांखालून सायकलच काय, जमीनही सरकली. गुरुवार! शाळा! ना रजेचा अर्ज, ना निरोप!

चौथ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. गुरुजी दिवसभर कागद घेऊन बसले आणि सात कोरे कागद चुरगाळले.

"त्यात काय एवढं?" सोजराबाई म्हणाली. "लिव्हा, बायकोला सोडायला गेलो व्हतो."

"पण मी तुला सोडलंच न्हाई. तू एसटीनं गेलीस. खोटं कसं लिहू?"

"मग लिव्हा, बायको मला सोडून गेली व्हती!" ती वैतागून म्हणाली आणि भाजी बघायला आत गेली.

गुरुजींनी विचार केला. वाक्य तंतोतंत खरं होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: "दिनांक अठरा रोजी सकाळी फाट्यावर बायको मला सोडून गेल्याने व मी तिच्या मागे धावल्याने शाळेत हजर राहू शकलो नाही."

खुलासा मान्य झाला. एवढंच नव्हे, गटशिक्षण अधिकारी साहेबांनी स्वतःहून आठ दिवसांची रजा मंजूर केली. आणि पुढचा महिनाभर तालुक्यातले गुरुजी लोक एकेक करून सांत्वनाला येत राहिले. ओसरीवर बसायचे, खाली मान घालायचे, "धीर धरा, येईल परत," म्हणायचे. मग आतून चहा घेऊन सोजराबाई यायची आणि पाहुण्यांना कळेनासं व्हायचं, की आता हा चहा प्यावा, का उठून जावं!