काजूचा धूर आणि आप्पांची सही

आमचे आप्पा लग्नाला गेले की आधी आचाऱ्याला गाठतात. नवरा-नवरी नंतर. माझ्या भावाच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळेला हा माणूस चुलाणाजवळ कमरेवर हात ठेवून उभा, आणि आचाऱ्याला विचारतोय, "बाजूनं चाललाय तो जाळ काय आभाळाला आहेर व्हय रं?" आचाऱ्याला कडेनं विटा रचायला लावल्या, त्यावर पाण्याचं पातेलं चढवलं, तेव्हा कुठे पंगतीला बसले. तोवर आई मला दहादा म्हणाली, "कुठनं आणलंस गं ह्यांना?"

बेळगावातल्या ज्या वर्कशॉपात मी ड्रॉइंगं काढते, तिथे आप्पा तीस वर्षं डिझाइनला आहेत. कारखान्याच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता पकडून तिच्यावर बॉयलरचं पाणी आधीच तापवायचं, अशी यंत्रं आम्ही बनवतो. नळ्यांच्या बाहेरून धूर, आतून पाणी. नळ्या किती, किती अंतरावर, हे आप्पा ठरवणार. त्यांची सही नसेल तर एक पत्रा कापला जात नाही. आणि ती सही गोड बोलून मिळत नाही, रागावून तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी खानापूरकडच्या एका कारखान्याचं काम आलं. आमच्या मालकांनी कॉम्प्युटरवर गणित करून घेतलं. साठ नळ्या, झकास. आप्पांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "जाळतात काय?"

"काजूची टरफलं," मी म्हटलं.

"मग परत ने. ह्या गणितातला धूर आंघोळ करून आलाय."

काजूच्या टरफलात तेल असतं, त्याचा धूर लई चिकट. पण नुसतं सांगून ऐकतील ते मालक कसले! आप्पांनी त्या कारखान्याच्या धुराड्यात एक नळी आठ दिवस टांगून ठेवली, पेपरात गुंडाळून बसमधून आणली आणि मालकांच्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर ठेवून सुरीनं काजळी खरवडली. टेबलाचं वाटोळं झालं.

"नळीनं असलं कांबळं पांघरलं तर पाणी तापणार कसं? नव्वद नळ्या पायजेत. मधली अंतरं वाढवा. आणि बाजूला दारं ठेवा, भायेरनं ब्रश घालाय."

"आप्पा, एवढं धूड बसवायचं तर गिऱ्हाइकाची भिंत फोडावी लागेल!"

"फोडू द्या."

"नव्वद नळ्या कबूल. पण अंतर वाढणार नाही, दारं नाहीत. काजळी धरली की माणूस आत घालतील. बारीक अंगाची माणसं आहेत त्यांच्याकडं."

आप्पांनी पेनाला टोपण लावलं. "माणूस आत जाणार न्हाय. मी सही करणार न्हाय."

"साकु, आप्पा! पुरे!" चिडले की मालक कानडीत शिरतात. "सही नाही तर घरी बसा."

"बसतो. पर माझ्या सहीवर त्या भोकात कुणी शिरणार न्हाय."

मला टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, नोकरी मलाही आहे.

चार दिवस आप्पा वेळेवर येत होते, कोरा कागद पुढ्यात घेऊन बसत होते आणि वेळेवर जात होते. मालकांनी तोंड फिरवलेलं. पाचव्या दिवशी मालकांनी शेवटी विचारलं तेव्हा गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, भिंत फोडायला तयार झालं. मग आप्पांनी माझं दारांसकटचं नवं ड्रॉइंग तासभर तपासलं, दोन चुका काढल्या आणि सही ठोकली.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलंच, "आप्पा, दोन दारांसाठी नोकरी घालवत होता व्हय?"

ते डबा उघडत म्हणाले, "माझा बा निपाणीकडं एका गिरणीत धुराडं साफ कराय आत उतरायचा. आमच्या वस्तीतलीच माणसं धाडायचे त्या कामाला. सांजचं बा आला की आमी पोरं पळत जायचो. त्यो लांबनंच वरडायचा, शिवू नगा रं, काजळी लागंल! मग परसात घासून घासून अंग धुवायचा. तवर आमी झोपल्यालो असायचो."

त्यांनी भाकरी मोडली.

"त्यानं मला उचलून घेतल्यालं एकदाबी आठवत न्हाय गं."