वीस मोजेपर्यंत

भय्याजी बांत्यांचा उजवा खांदा जाम झाला, तेव्हा त्यांनी आधी एसटीच्या स्टेअरिंगला दोष दिला, मग पंख्याच्या वाऱ्याला दिला आणि शेवटी मंदाबाईंनी नव्याने भरलेल्या उशीला दिला. एकतीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झाले होते. आता हात कानापर्यंतही जाईना. सदरा चढवायचा तर मंदाबाईंना बाही धरून मागे उभं राहावं लागे.

उपायांची कमतरता नव्हती, टिकण्याची होती. निरगुडीच्या पाल्याचा शेक तीन दिवस चालला, मोहाच्या बियांचं तेल दोन दिवस. तुमसरच्या बाजारातून आणलेला पट्टा तर अर्धाच दिवस, कारण त्याखाली घाम येत होता.

"काही फरक नाही पडून राहिला," भय्याजी म्हणायचे.

"अवो, तीन दिवसांत कायचा फरक पडते? दुखणं सहा महिन्यांचं हाय नं जी," मंदाबाई म्हणायच्या. यावर भय्याजी गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरून घेत. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच सापडली होती.

शेवटी मंदाबाईंनी त्यांना भंडाऱ्याला नेऊन व्यायामानं दुखणं घालवणाऱ्या रीता मॅडमसमोर बसवलं. या मॅडम ना गोळी देत ना सुई. त्यांनी भय्याजींना भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवायला लावली.

"रोज तीन वेळा. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. भिंत नसली तर हात तसाच वर करायचा, दुखेल तिथपर्यंत. आणि तिथे वीस मोजेपर्यंत धरायचा. मध्येच खाली आणला, तर पुन्हा एकपासून."

"किती दिवस जी?"

"नव्वद."

भय्याजींनी मंदाबाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांना शिक्षाच सुनावली होती. "नव्वद?"

"एकही दिवस चुकवायचा नाही. चुकवायचं असेल तर आत्ताच सांगा, भाड्याचे पैसे तरी वाचतील," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी भय्याजींच्या मोबाइलवर तिन्ही वेळांचा गजर लावून दिला. गजर म्हणजे कोंबड्याची बांग, तीही अशी खणखणीत की बाहेर बसलेले दोन पेशंट दचकले.

ते दचकणं भय्याजींना फार आवडलं. बाईमाणसासमोर आपली परीक्षा होते आहे, हे मात्र मनाला लागलं. त्यांनी हट्टानं सुरुवात केली. कोंबडा आरवला की हात वर. मग ते अंगणात असोत, न्हाव्याच्या खुर्चीत असोत की कुणाच्या तेरवीच्या पंगतीत.

आठव्या दिवशी संध्याकाळी सहाला ते रस्त्याच्या कडेला उभे होते. कोंबडा आरवला, हात वर गेला, आणि नाकाडोंगरीकडे जाणारी एसटी करकचून ब्रेक लावत त्यांच्यापुढे थांबली. गाडीवर कुलदीप होता. भय्याजींच्याच हाताखाली शिकलेला.

"या भय्याजी, बसा!"

"अकरा," भय्याजी म्हणाले.

"अकरा लोक हायेत? कुठी हायेत?"

"बारा."

"अजून एक? गाडीत उभं राहाले जागा नाही जी!"

"तेरा," भय्याजी डोळे मिटून म्हणाले. कुलदीपनं दार ओढून घेतलं, आणि रिटायर झाल्यावर माणसाचं असं होते, हे शेजारी उभ्या कंडक्टरला सांगत तो निघून गेला.

पण खरा घोटाळा व्हायचा होता तो ग्रामसभेत. त्या दिवशी भय्याजींना जायचं नव्हतं. मंदाबाई म्हणाल्या, "महिलांचे विषय हायेत, मले जाच लागते. तुमीबी चाला, घरी एकटे बसून काय करान?" म्हणून ते गेले, आणि समाजमंदिराच्या शेवटच्या खांबाला टेकून बसले. सुखरामच्या पानठेल्यावरून घोटून आणलेला ताजा खर्रा त्यांनी गालात सोडला. पाण्याच्या टाकीचा विषय झाला, नाल्यांचा झाला. भय्याजींना डुलकी लागली.

सरपंच उर्वशीबाई उभ्या राहिल्या. वय पस्तिशीचं, आवाज पोलिसांसारखा. "आता पुढचा विषय. गावात खर्रामुक्ती समिती करायचं ठरलं हाय. अध्यक्ष कोण बनते?"

पुरुष छताकडे पाहू लागले. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात एकेक पुडी होती.

"कोणी हाय का? जो तयार असन, त्यानं हात वर करावा."

आणि कोंबडा आरवला.

भय्याजी झोपेतून दचकले. एकोणीस दिवसांची सवय. डोळे उघडायच्या आधी हात वर गेला, कानाच्या वर चांगला वीतभर. सगळी सभा मागे वळली.

"भय्याजीकाका! तुमी?"

भय्याजींना प्रकार कळला तेव्हा आकडा चारवर होता. हात खाली आणावा, तर पुन्हा एकपासून. नाही म्हणावं, तर तोंड खर्ऱ्यानं गच्च भरलेलं. थुंकावं, तर ग्रामसभा, तीही खर्रामुक्तीची. त्यांनी जोरजोरात मान हलवली, पण खांदा आखडलेला असल्यामुळे मान आडवी हलायच्या ऐवजी उभी हलली.

"ऊं! ऊं!"

"काकांचा कंठ दाटून आला," उर्वशीबाई म्हणाल्या. "पाहा, हात खाली घ्याले तयार नाहीत! टाळ्या!"

वीस आकडे पूर्ण होईपर्यंत ग्रामसेवकानं 'सर्वानुमते' हा शब्द लिहूनही टाकला होता. कुणीतरी फोटो काढून मोबाइलवरून गावोगाव पाठवला. भय्याजींनी तोंडात होतं ते सगळं गिळलं आणि त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सुखरामच्या ठेल्यावर गेले. सुखरामनं हात जोडले.

"अध्यक्षसाहेब, तुमाले खर्रा देऊ? सरपंचबाई ठेला उचलून फेकतीन माहा."

"अबे, तो हात कसरतीचा होता!"

"सगळ्या गावानं पाह्यला जी. वीस मिनिटं वर होता."

"वीस मिनिटं नाही, वीस आकडे!"

पण तोवर गावात वीस मिनिटं ठरून गेलं होतं. भय्याजी एसटीनं तुमसरला गेले. कुलदीपनं साऱ्या बसला ऐकू जाईल असं अभिनंदन केलं. तुमसरच्या ठेलेवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आपल्या मोबाइलकडे पाहिलं आणि विचारलं, "हा फोटोतला हात वर केलेला माणूस तुमीच नं? तपासणीले आले का?" भय्याजी रिकाम्या गालानं परतले.

पहिले चार दिवस वाईट गेले. डोकं ठणकायचं. चहा बेचव लागायचा. गाई उगाच शिव्या खायच्या. मंदाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त सदऱ्याच्या खिशात भाजलेला ओवा आणि मीठ लावून वाळवलेला आवळा ठेवायला सुरुवात केली. रोज सकाळी खिसा भरलेला असायचा. भय्याजी कोणावर रागवावं हे न कळून आवळा चघळायचे.

त्यात लोक घरी येऊ लागले. कुंताबाई आपल्या नवऱ्याला, ताराचंदला, दंडाला धरूनच घेऊन आली. "सांगा याले, भय्याजी. दिवसाले सहा पुड्या खाते."

ताराचंद गरीब चेहरा करून म्हणाला, "मी दोनदा सोडून पाह्यला जी. तीन दिवसांच्या वर नाही टिकलं. फरकच नाही पडत."

भय्याजींनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून आलं ते अर्धं मंदाबाईंचं आणि अर्धं रीता मॅडमचं. "तीन दिवसांत कायचा फरक पडते? रोजच्या रोज करा लागते. एक दिवस चुकला, का पुन्हा एकपासून." आतून मंदाबाईंच्या हातातलं ताट खाली पडल्याचा आवाज आला.

असं करता करता नव्वद दिवस झाले. ताराचंद सहावरून एकावर आला. शाळेच्या पोरांनी फेरी काढली, तेव्हा शपथ घ्यायला हात वर करणाऱ्यांत सर्वांत उंच हात भय्याजींचा होता. भंडाऱ्याला रीता मॅडमनी खांदा फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "पूर्ण मोकळा. मला वाटलं होतं तुम्ही चौथ्या दिवशी सोडाल."

बसमध्ये परतताना भय्याजींच्या मनात वेगळाच हिशेब चालला होता. हात बरा झाला, म्हणजे हात वर करायचं कारण संपलं. कारण संपलं, म्हणजे अध्यक्षपद संपलं. आणि अध्यक्षपद संपलं, म्हणजे... एखादी पुडी. आनंदाची, फक्त एक. घरी पोचताच त्यांनी राजीनामा लिहिला आणि थेट उर्वशीबाईंचं घर गाठलं.

"सरपंचबाई, मले खरं सांगायचं हाय. तो हात मी कसरतीसाठी वर केला होता. कोंबडा वाजला म्हणून."

उर्वशीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही. "मले माहीत हाय, काका."

"माहीत हाय?"

"त्या दिवशी विषय पाचव्या नंबरवर होता. मंदाकाकू आदल्या दिवशी येऊन बसल्या. म्हणाल्या, बाई, तो विषय बरोबर दोन वाजता काढ. मी नालीवर दहा मिनिटं उगाच बोलली, घड्याळ पाहून पाहून." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "काका, खर्ऱ्यापायी काकूच्या भावाचा जबडा नागपूरले कापला, तवापासून काकू रोज तुमचं जेवण पाहून राहिल्या होत्या. म्हणे, रस्सा तोंडाले झोंबते म्हणून हे आता वरणात पाणी टाकून खातेत. मले सांगताना रडल्या त्या."

भय्याजी राजीनाम्याची घडी घालत घालत घरी आले. वाटेत त्यांना आठवलं, परवाच त्यांनी वांग्याचा लाल रस्सा दोनदा मागून घेतला होता, आणि तोंड झोंबलं नव्हतं. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मंदाबाई मात्र वाढता वाढता एकदम थांबल्या होत्या.

मंदाबाई चुलीपुढे बसल्या होत्या.

"दोन वाजताचा विषय तू लावला?" भय्याजींनी दारातूनच विचारलं.

मंदाबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "लावला. बत्तीस वर्षं सांगून राहिली होती जी. तुमच्या कानानं त ऐकलं नाही. म्हटलं, हात तरी ऐकते का पाहू."

भय्याजींना हसू आलं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं: सदऱ्याच्या बाहीबद्दल, खिशातल्या आवळ्याबद्दल, न बोलता गेलेल्या त्या चार दिवसांबद्दल. पण बायकोशी असलं बोलायची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांना एकच भाषा येत होती, अडीच महिन्यांत समितीच्या सभांमधून शिकलेली. ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी घसा खाकरला.

"आजच्या या कार्यक्रमाले... म्हणजे गेल्या बत्तीस वर्षांच्या कार्यक्रमाले... ज्यांनी चिकाटीनं सहकार्य केलं, त्या मंदाबाई बांते यांचे, खर्रामुक्ती समितीच्या वतीनं आणि माह्या स्वतःच्या वतीनं, मी मनापासून आभार मानतो."

मंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, ते धुरामुळे नीट दिसलं नाही. राजीनाम्याचा कागद भय्याजींनी हळूच चुलीत सारला.

"झालं का आभार?" थोड्या वेळानं मंदाबाई म्हणाल्या.

"झालं."

"मग ही विळी घ्या अन् वांगे चिरा. हात बरा झाला म्हणे नं तुमचा?"