डावीकडे न वळणारी गाडी

मेहुण्याने तोंड उघडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मेहुणाच तो. गप्प कसा बसेल?

"भावोजी, गाडी झकास आहे," तो म्हणाला. त्या लालभडक, जमिनीला टेकलेल्या, दोनच माणसांच्या स्पोर्ट्स कारभोवती त्याने सावकाश एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "फक्त चाकं जरा आत गेल्यासारखी वाटतात. कवळी काढून ठेवल्यावर माणसाचे गाल बसतात ना, तसं."

दुसऱ्या कुणाला हे झोंबलं नसतं. पण भावोजी दातांचे डॉक्टर होते, गाडी आयुष्यभर हौस दाबून ठेवून नुकतीच घेतलेली होती (जुनी होती, पण तो विषय काढायचा नाही), आणि डॉक्टरांचा राग साऱ्या भागात प्रसिद्ध होता. त्यांच्या दवाखान्यात 'तोंड उघडा' असं कधी सांगावं लागत नसे. ते दार ढकलून आत आले की पेशंटांचे जबडे आपोआप खाली येत.

"चाकं आत गेलीयत?" डॉक्टर म्हणाले. "तुझी अक्कल आत गेलीय! बाहेर काढून दाखवतो."

"अक्कल?"

"चाकं!"

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून डॉक्टर टायरवाल्याच्या दुकानात हजर झाले. हा टायरवाला रागाच्या बाबतीत डॉक्टरांना सहज जोड देईल असा होता. गिऱ्हाईक केवळ आपल्याला छळायला जन्माला येतं अशी त्याची पक्की समजूत होती आणि डॉक्टरांना बघताच ती आणखी पक्की झाली.

"ही चाकं हवीत," डॉक्टरांनी भिंतीवरच्या सगळ्यांत रुंद चाकाकडे बोट दाखवलं.

"कशाला?"

"दवाखान्यातल्या खुर्चीला! गाडीला हवीत, आणखी कशाला?"

टायरवाल्याने बाहेर जाऊन गाडी पाहिली. "बसतील," तो म्हणाला, "पण फिरणार नाहीत. ऑफसेट चुकतोय."

"ऑफसेट म्हणजे?"

"म्हणजे चाक मडगार्डच्या किती आत राहणार आणि किती बाहेर येणार. हे फार बाहेर येणार."

"मला बाहेरच पाहिजे!"

(ज्या माणसाने पुढे आलेले दात आत ढकलण्यावर संसार उभा केला, तो चाकं बाहेर काढण्यासाठी हमरीतुमरीवर आला होता. पण हे त्या वेळी त्यांना सांगणार कोण?)

"आणि हे डावं मडगार्ड बघा," टायरवाला म्हणाला. "आधीच्या मालकाने कुठेतरी ठोकलंय. कड आत वाकलीय. डावीकडे वळलात की टायर घासणार."

एवढं बोलून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने त्या मडगार्डवर बोटाने टकटक केलं, अगदी डॉक्टर किडक्या दाढेवर करतात तसं, आणि वर तोंडाने च्च च्च केलं. डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. च्च च्च करण्याचा हक्क त्यांच्या मते फक्त त्यांचा होता.

"मी तुमची हळहळ ऐकायला आलेलो नाही! बसवताय की दुसरीकडे जाऊ?"

"गाडी चालवायचीय की नुसती लोकांना दाखवायचीय?"

"तुम्हाला काय करायचंय? बसवा!"

"बसवतो! माझं काय जातंय! पण एकदा बसवलेली चाकं मी परत घेत नाही."

"परत येतंय कोण?"

"आणि ही तुमची जुनी चाकं?"

"झोपाळे बांधा त्यांचे!"

रागारागात टायरवाल्याने चाकं बसवली आणि रागारागात डॉक्टर बाहेर पडले. गाडी दिसत होती मात्र देखणी. दंडाच्या बेटकुळ्या फुगवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी. पहिल्या कोपऱ्यापर्यंत डॉक्टर खूश होते. कोपऱ्यावर त्यांनी स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि 'खर्रर्रर्र' असा आवाज आला. 'काय गाड्या ठेवतात लोक!' असं म्हणून त्यांनी शेजारच्या वाहनाकडे जळजळीत कटाक्ष टाकला. शेजारी सायकल होती.

खाली उतरून पाहिलं तर नव्या टायरची कड सोललेली आणि मडगार्डला काळा पट्टा. टायरवाल्याकडे परत जाऊन जुनी चाकं चढवणं हा उपाय शेंबड्या पोरालाही सुचला असता. डॉक्टरांनाही सुचला. पण त्यासाठी टायरवाल्याचं च्च च्च पुन्हा ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा आपण डावीकडे वळायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं.

ठरवायला सोपं होतं. दवाखाना घराच्या डावीकडे होता.

तेव्हापासून डॉक्टर घरातून निघून उजवीकडे वळत, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, असं करत भाजीबाजार, पोस्ट आणि लाकडाची वखार यांना प्रदक्षिणा घालून चालत पोचता येणाऱ्या दवाखान्यात घामाघूम होऊन पोचत. पेशंट ताटकळत. डॉक्टर त्यांच्यावरच खेकसत.

"अहो, हल्ली इतका वेळ का लागतो?" बायकोने विचारलं.

"नवी चाकं आहेत. रुळू द्यावी लागतात," डॉक्टर म्हणाले.

बायकोला चाकांकडे लक्ष द्यायला वेळ नव्हता. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त होत होती. निरोप समारंभाला शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. या साहेबांवर तिचा जुना राग होता. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहांना दारं नव्हती. बाईंनी अर्ज केले, हेलपाटे घातले, साहेबांच्या दारात ताटकळल्या. साहेब दर वेळी कार्यक्रमाला येत, आपलं भाषण करत आणि दुसऱ्याचं सुरू व्हायच्या आत निघून जात. या वेळी मात्र साहेबांना समोर बसवून, सगळ्यांच्या देखत विचारायचं असं बाईंनी ठरवलं होतं. नंतर त्यांना विचारणार कोण?

"मी भावाच्या गाडीतून आईबरोबर जाते," ती म्हणाली.

डॉक्टर उखडले. "माझ्या बायकोचा समारंभ आणि ती त्या चोंबड्याच्या डबड्यातून जाणार? मी सोडतो!"

निघाले तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता. फाटकातून बाहेर पडताच डॉक्टर उजवीकडे वळले.

"अहो, शाळा डावीकडे आहे."

"तिकडे गर्दी असते."

पुढे ते पुन्हा उजवीकडे वळले, मग पुन्हा. भाजीबाजार गेला, पोस्ट गेलं, वखार गेली. वखारीपुढचा रस्ता खणून ठेवलेला होता, म्हणून आणखी एक उजवं वळण घ्यावं लागलं आणि पुन्हा भाजीबाजार आला. एका भाजीवालीने ओळखीचं हसून हात केला.

बायको अजून गप्प होती. ती साधी रागावली की बोलायची. फार रागावली की गप्प बसायची. आणि त्याच्याही पलीकडे गेली की नवऱ्याला 'डॉक्टर' म्हणायची.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आपण बाजार करायला निघालोय का?"

"एकेरी रस्ते करून ठेवलेत मेल्यांनी!"

"डॉक्टर, तुम्ही डावीकडे का वळत नाही?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी दातओठ खात सगळं सांगितलं. सांगताना दोष मेहुण्याचा, मग टायरवाल्याचा, मग आधीच्या मालकाचा आणि शेवटी रस्ते आखणाऱ्यांचा निघाला. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या भावाने गाल बसलेत म्हटलं म्हणून," ती एकेक शब्द चावत म्हणाली, "मी माझ्याच समारंभाला भोवरा होऊन चाललेय?"

"आवाज चढवू नकोस!"

"आवाज? आवाज अजून तुम्ही ऐकलाच नाहीत!"

तो डॉक्टरांनी पुढचा सगळा रस्ता ऐकला. बंद काचांतून बाहेरच्यांनीही ऐकला असावा, कारण एक माणूस रस्ता ओलांडता ओलांडता मागे फिरला. डॉक्टरही ओरडत होते. दोघांच्या ओरडण्याने काचांवर आतून वाफ धरली आणि त्या वाफेतून एकदाची शाळा दिसली.

शाळेचं फाटक डाव्या हाताला होतं.

आणि फाटकाच्या आत साहेब आपलं भाषण आटपून, गळ्यातला हार काढून हातात घेत, आपल्या गाडीकडे निघाले होते.

"ते निघाले!" बायको किंचाळली. "वळवा!"

"मडगार्ड जाईल!"

"डॉक्टर, आज मडगार्ड तरी जाईल नाहीतर मी तरी जाईन. वळवा!"

डॉक्टरांनी डोळे मिटले, सगळ्या जगाला एक शिवी हासडली आणि स्टीअरिंग होतं नव्हतं तेवढं डावीकडे पिळलं. आधी खर्रर्र झालं, मग काहीतरी टराटरा फाटलं, मग रबर जळल्याचा वास सुटला आणि धडाम्‌ असा आवाज झाला की मांडवातल्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि अर्धे खुर्च्यांखाली गेले. गाडी फाटकात आडवी रुतली. पुढचं डावं चाक फाटलेल्या मडगार्डमध्ये असं अडकलं होतं की ती ना पुढे जाईना, ना मागे. शाळेला दुसरं फाटक नव्हतं.

साहेब आपल्या गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. "हे काय? मला पुढे कार्यक्रम आहे!"

बायको त्या बुटक्या गाडीतून आधी गुडघे, मग हात, मग डोकं अशी बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. "साहेब," ती म्हणाली, "रस्ता मोकळा होईपर्यंत आत बसा. मला बोलायचंय." तिचा तो चेहरा बघून साहेब निमूट मागे फिरले.

आईला घेऊन आधीच पोचलेल्या मेहुण्याने टायरवाल्याला फोन लावला. टायरवाला जुनी चाकं आणि भलामोठा जॅक टेम्पोत टाकून आला, त्याने गाडीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"एक शब्द बोललात तर बघा!" डॉक्टर म्हणाले.

टायरवाल्याने शब्द उच्चारला नाही. नुसतं च्च च्च केलं.

इतक्यात कर्ण्यावर बाईंचा आवाज आला. लिहून आणलेलं गोड भाषण तिने बाजूला ठेवलं असावं, कारण आवाजात साखर कुठेच नव्हती. रस्ताभर डॉक्टरांवर तापलेला तो सूर होता, आणि डॉक्टरांनी तो लगेच ओळखला. शाळा किती वर्षं नुसती आश्वासनं ऐकून घेत आली, मुली दिवसभर पाणी का पीत नाहीत, वयात आल्या की शाळा का सोडतात, हे ती एकेक करून विचारत होती. हे सगळं आपल्याला माहीत आहे असं डॉक्टरांना वाटत होतं. घरात ती कितीदा बोलली होती. पण घरात ती बोलायला लागली की ते आपला आवाज त्याच्या वर चढवायचे.

"झालं," टायरवाला गाडीखालून म्हणाला. "पत्रा कापला. आता चाक घातलं की गाडी बाजूला."

"नको," डॉक्टर हळूच म्हणाले.

"काय नको?"

"ती अजून दारांवर आलेली नाही. गाडी हलली तर तो पळेल."

"मला दुकान आहे!"

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, खोल श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा अगदी थंड डोक्याने भांडायला सुरुवात केली. "पत्रा कुणाला विचारून कापलात? हा नट माझा नाही! हा जॅक आहे की अडकित्ता?" टायरवाला काही न ठरवता तडकला आणि चाक खाली टाकून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. डॉक्टर स्वतः जमिनीवर आडवे होऊन मडगार्डखाली शिरले आणि 'इथे बघा, इथे बघा' म्हणून काळ्या हातांनी आपलंच कपाळ पुसत राहिले. टायरवाल्याने त्यांचे पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. ते पुन्हा आत शिरले. मेहुणा दोघांना आवरायला गेला आणि दोघांच्याही शिव्या खाऊन परत आला.

मांडवातून टाळ्यांचा कडकडाट झाला. थांबता थांबेना. सगळ्यांसमोर उभं राहून साहेबांनी दारांना मंजुरी दिली होती. (नाही म्हणून जाणार कुठे? फाटकात डॉक्टर होते.)

डॉक्टर गाडीखालून बाहेर आले. "बसवा चाक," ते म्हणाले.

टायरवाल्याने चाक बसवलं. तोवर साहेब आणि बाई बोलत बोलत फाटकाशी आले. बाईंचा राग आता उतरला होता. साहेबांचा नुकताच चढत होता आणि तो काढायला त्यांना कुणीतरी हवं होतं. समोर ऑइलने माखलेला, शर्टाची एक बाही फाटलेला, केसांत गवत अडकलेला एक इसम हातात पाना धरून उभा होता.

"बाई, भाषण उत्तम झालं," साहेब म्हणाले. "पण एक सांगतो, राग मानू नका. हा तुमचा ड्रायव्हर काढून टाका. गाडी चालवायची अक्कल नाही, आणि मघापासून बाहेर नुसतं ओरडतोय."

डॉक्टरांची कानशिलं तापली. त्यांनी तोंड उघडलं. मेहुण्याने डोळे मिटून घेतले. टायरवाला मात्र चवीने बघत राहिला.

बाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"खरंय तुमचं, साहेब," ती म्हणाली. "पण फार जुना आहे हो. आता काढला तर दुसरीकडे कुठे ठेवून घेणार नाहीत."

डॉक्टरांनी उघडलेलं तोंड मिटलं, पाना टायरवाल्याच्या हातात दिला आणि पुढे होऊन बाईंसाठी गाडीचं दार उघडून धरलं.