साहेबांच्या हातातला नळ

लॉन्ड्रीवाल्या मावशींच्या नळाला नऊ दिवस पाणी नव्हतं. इस्पितळाच्या तीनशे चादरी दुकानात थप्पी लागून पडल्या होत्या. महिनाअखेरपर्यंत धुऊन दिल्या नाहीत, तर ते एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक हातचं जाणार होतं. पाणी खात्यानं मात्र तक्रारीची सोय घरबसल्या केली होती. संकेतस्थळ उघडायचं, नव्या टाकीच्या उद्घाटनाचा फोटो आला की साहेबांच्या हातातल्या नळावर क्लिक करायचं. झालं काम!

सुनेनं संकेतस्थळ उघडलं. फोटो वरून खाली उतरू लागला. पहिल्या दहा मिनिटांत निरभ्र आकाश आलं, मग साहेबांचा भांग. भुवया येईपर्यंत मावशींचा चहा निवला. शर्टाच्या तिसऱ्या गुंडीवर ‘आपला वेळ संपला आहे’ अशी पाटी झळकली आणि पुन्हा आकाश सुरू झालं. चार दिवसांत साहेबांच्या हनुवटीवरचा तीळ मावशींना तोंडपाठ झाला, पण तो मेला नळ काही दिसेना.

शेवटी मावशी तणतणत कार्यालयात गेल्या. फोटो लहान करा, एवढंच त्यांचं मागणं होतं. संगणक विभागातला कारकून दचकला.

“मावशी, फोटो लहान केला तर साहेब लहान दिसतात.”

“मग नळ तरी वर घ्या.”

हे त्याला पटलं. प्रस्ताव गेला, बैठक झाली आणि नळ साहेबांच्या कपाळावर बसवण्यात आला. तिथे क्लिक केलं की स्पष्ट दिसावं म्हणून तोच फोटो दुप्पट मोठा होऊन पुन्हा आकाशापासून येई. आठवड्यात बावीस हजार नागरिकांनी साहेबांच्या कपाळावर बोट ठेवलं. तक्रार एकही पोचली नाही, म्हणून खात्याला उत्कृष्ट सेवेचं पारितोषिक मिळालं. त्या समारंभाचा फोटो पहिल्याच्या डोक्यावर लावण्यात आला.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा मावशींनी आपल्या कोरड्या नळाचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. लाखभर लोकांनी तो मोठा करून पाहिला. कुणी उजेडाचं कौतुक केलं, चारशे जणांनी खालची बादली कुठे मिळते ते विचारलं. फोटोखाली मावशींनी लिहिलं होतं: खात्याला जाग आणायला शंभर नावं हवीत, इथे लिहा. तिथवर सून आणि शेजारीण अशा दोघीच पोचल्या. इस्पितळानं चादरी मळक्याच परत नेल्या.

तुम्हीही पाहिलाच असेल तो फोटो. बादली निळी होती, नाही का?