सहा सेन्सर, एक दार

सोमवारी सकाळी साडेअकराला डाळमिल चौथ्यांदा थांबली, तेव्हा शिवराजने हातातला टेस्टर पॅनेलच्या दारावर आपटला. लाल दिवा लागला, दोन क्षण त्याच्याकडे टक लावून बघत राहिला आणि आपोआप विझला. म्हणजे काहीतरी बिघडलं होतं आणि शिवराजने हात लावायच्या आत दुरुस्तही झालं होतं. बिघडायचं असेल तर माणसाने नीट बिघडून बसावं, अशा मताचा तो होता. हे येऊन-जाऊन बिघडणं त्याला मुळीच आवडत नसे.

शिवराज हा चनमल्लप्पांच्या डाळमिलचा इलेक्ट्रिशियन. बावीस वर्षं झाली, तुरीच्या चुनीने, म्हणजे डाळीच्या भुश्याने, त्याच्या भुवया कायमच्या पिवळ्या झाल्या होत्या. मिल चालवायचा कंट्रोलर म्हणजे वहीएवढा एक डबा. त्याला बाहेरची खबर कळते ती इनपुटमधून, आणि इनपुट सगळी भरलेली. शिल्लक राहिलं होतं फक्त एक. गेल्या उन्हाळ्यात अंबाजी हमालाचं उपरणं पट्ट्यात ओढलं गेलं आणि माणूस थोडक्यात वाचला. तेव्हा मिलमध्ये सहा जागी सहा सेन्सर बसवायचे ठरले. झाकण उघडं राहिलं, पट्टा घसरला, कोठी काठोकाठ भरली, काहीही झालं तरी मिल तिथल्या तिथे थांबली पाहिजे. सेन्सर सहा आणि इनपुट एक. जादा इनपुटचं कार्ड हैदराबादहून यायला महिना लागणार होता, आणि चनमल्लप्पांना महिनाभर थांबायची सवय नव्हती.

"शिवराज, आमच्या घरात अकरा मान्सं हैत," ते म्हणाले होते. "दार एकच हाय. कुणाचं काय अडलं का आजपतूर?"

शिवराजने काम सुरू केलं. सहाही सेन्सर एका तारेत माळेसारखे ओवले आणि तारेचं टोक त्या एका इनपुटात खोचलं. सहाही जण 'ठीक' म्हणाले तरच मिल चालणार. एकानेही नन्नाचा पाढा लावला की बंद. अर्ध्या दिवसात काम फत्ते. चनमल्लप्पांनी आल्यागेल्याला ती करामत दाखवली. मिल थांबली तर कोणामुळे थांबली हे त्या डब्याला जन्मात कळणार नाही, ही गोष्ट शिवराजच्या तेव्हाच लक्षात आली होती. पण आपलं कौतुक चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

आज त्या न बोलण्याची फळं पदरात पडत होती, आणि तीही नेमकी आज. चार वाजता औरादकडच्या चिंताकीहून पाहुणे त्याच्या मंजुश्रीला बघायला येणार होते.

फोन वाजला. बायको, विजयश्री.

"निघालाव का?"

"अगं, साडेअकराच वाजलेत."

"मागच्या खेपंलाबी साडेअकराच वाजले होते. मग एकदम सात वाजले." तिचा आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "दोन स्थळं गेली तुमच्या मिलीपायी. पोरीचा बाप कुठं हाय म्हणून इचारलं की मी काय सांगू? यंदा तुमचा फोटू काढून खुर्चीवर ठेवते."

"येतो गं. चारच्या आत येतो."

"फोटूला हार घालू का नको, तेवढं सांगा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

शिवराज सहा सेन्सर बघायला निघाला. पहिला तळघरात, दुसरा पट्ट्यापाशी, तिसरा भरडणीच्या झाकणावर, चौथा आणि पाचवा लोखंडी शिडी चढून कोठ्यांच्या तोंडाशी आणि सहावा पार मागे, चुनीच्या खोलीत. सगळी फेरी झाली की माणूस पुरणपोळीसारखा पिवळा होऊन बाहेर पडे. सहाही सेन्सर ठणठणीत होते. त्याने मिल चालू केली. वीस मिनिटांनी ती थांबली.

"माझ्याकडलं काय न्हाई बगा," अंबाजीने विचारायच्या आत हात वर केले. "म्या झाकणाला शिवलोबी न्हाई."

"मी काय म्हनलो का तुला?"

"म्हनला न्हाईत, पण बगायलाव तसं."

तेवढ्यात चनमल्लप्पा धोतराचा सोगा सावरत आले. फाटकात गाणगापूरची लॉरी उभी होती. तिथल्या अन्नदानाची डाळ आज निघायलाच हवी होती. लॉरीच्या ड्रायव्हरने सावलीत सतरंजी अंथरून एक झोपही काढून घेतली होती.

"कामून थांबली रे?"

"अण्णा, सहातला एक कुठला तरी बोंबलायलाय."

"कुठला?"

"तेच कळंना. सगळ्यांचा आवाज एकच हाय."

"मग त्यांला इचार की!"

"आमी दार एकच ठेवलंय न्हवं, अण्णा," शिवराज म्हणाला. हे वाक्य बोलायला त्याला चार महिने लागले होते, पण चनमल्लप्पांचं लक्ष लॉरीकडे होतं.

"आयतु, आयतु, बरं. तुज्या घरी पावनं यायलेत, ठाव हाय मला. लॉरी भर आन खुशाल जा. लॉरी भरल्याबगर मातूर मिल सोडू नको."

मग शिवराजने इलेक्ट्रिशियन लोकांचा जुना उपाय काढला. एकेका सेन्सरला तारेचा तुकडा लावून बाजूला काढायचं आणि मिल थांबते का बघायचं. पहिला काढला, मिल थांबली. दुसरा काढला, मिल पस्तीस मिनिटं चालली. आनंदाने त्याने चहा मागवला, आणि चहा हातात आला तशी मिल थांबली. अडीच वाजले होते. एक लांब तार घेऊन सहाचे सहा एकदम बाजूला काढले असते तर मिल गुमान चालली असती आणि तो साडेतीनला घरी गेला असता. तार त्याने हातात घेतलीही. पण समोर अंबाजी पोतं उचलत होता, गळ्यात तेच उपरणं, एका टोकाला पट्ट्याने फाडलेलं. शिवराजने तार खाली ठेवली आणि स्वतःलाच एक शिवी दिली.

साडेतीनला पुन्हा फोन. आता मंजुश्री.

"अप्पा, पावनं भालकीच्या म्होरं आलेत म्हणं. आई बोलंना, नुसती भांडी आदळायलीय. तुमी काय करायलाव?"

शिवराजला राग यायचा होता, पण रडू आल्यासारखं झालं. त्याने पोरीला सगळं सांगून टाकलं. बिदरला डिप्लोमा शिकलेली पोर ती, साडी नेसून, केसांत गजरा माळून, बापाचा बिघाड ऐकत उभी राहिली.

"अप्पा, मिल थांबल्यावर तुमी बगायला जाताव?"

"मग? थांबल्यावरच जायचं न्हवं?"

"थांबल्यावर सगळेच शाणे असतेत. चालू असताना जाऊन बगा की."

शिवराजने फोन खिशात टाकला. बावीस वर्षांच्या नोकरीत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते आपल्याला सुचलं नाही याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याने मिल चालू केली आणि चालत्या मिलमधून फिरला. पट्टा ठीक, झाकण ठीक. शिडी चढून चौथ्या सेन्सरपाशी आला. हा सेन्सर म्हणजे कोठीच्या तोंडावर रोखलेला एक डोळा. डाळ वरपर्यंत आली, डोळ्यासमोर काही आडवं आलं, की कोठी भरली असं समजून तो मिल थांबवतो. त्या डोळ्याच्या शेजारी खिळ्याला एक लिंबू आणि सात मिरच्या टांगल्या होत्या. मिलमध्ये लिंबू-मिरच्या जिथे तिथे असतात. यंत्रापेक्षा त्यांचीच संख्या जास्त भरेल. सकाळपासून तो चार वेळा या लिंबाजवळून गेला होता. पण तेव्हा मिल थांबलेली होती.

थोड्या वेळाने कोठीवरचा, चुनी उडवणारा पंखा पूर्ण जोरात आला. लिंबू हललं, डुललं, झोका घेतला आणि डौलात सेन्सरच्या डोळ्यासमोर येऊन उभं राहिलं. मिल थांबली. पंखा थांबला. लिंबू मुकाट्याने आपल्या जागी परत गेलं.

"दानक्काऽऽ!" शिवराज शिडीवरून ओरडला.

डाळ निवडणारी दानम्मा पदराने हात पुसत आली. "काय झालं?"

"हे लिंबू कुणी बांधलं?"

"म्या बांधलं सकाळी. का? मिरच्या कमी पडल्या का?"

"सकाळपासून ह्या लिंबानं मिल आठ येळा बंद पाडली, अक्का! कुणी सांगितलं तुला इथं बांधायला?"

दानम्माला वाईट वाटलं. "तुमच्या आईनं. काल बाजारात भेटल्या होत्या शकुबाई. स्वता मंतरून दिलं त्यांनी. म्हणाल्या, उद्या माझ्या नातीला बगायला येणार हैत, त्या मिलीची नजर काढ आन माझ्या लेकराला टायमात घरी सोड म्हणावं तिला."

शिवराजने लिंबू काढून तिच्या हातात दिलं आणि खाली उतरला. त्यानंतर लॉरी भरेपर्यंत मिल एकदाही थांबली नाही. लॉरी भरायला सव्वापाच वाजले.

तो घरी पोचला तेव्हा पाहुणे गेलेले नव्हते. चिंताकीचे सहा जण बैठकीत भिंतीला टेकून बसले होते: मुलगा सिद्धेश्वर, त्याचे वडील आप्पाराव, आई, आत्या, काका आणि मेहुणा. पुढ्यातला चिवडा संपला होता आणि बोलणंही. मध्यस्थ विरुपाक्ष अंगणातच शिवराजला आडवा आला.

"पोरगी पसंत हाय. तिलाबी पोरगं पसंत हाय, आतून कळलंय. पण त्यांच्यातल्या एकाचं कायतरी अडलंय."

"कुणाचं?"

"सांगंनात. त्यांच्यात तसंच हाय. सहाबी जण व्हय म्हनले तरच व्हय. आन उत्तर सगळ्यांचं मिळून एकच."

शिवराज पायरीवर मटकन बसला. दिवसभर ज्याच्यामागे तो धावला, ते त्याच्या आधी घरी येऊन बसलं होतं. त्याला आत्याचा संशय आला, कारण तिचं तोंड पडलेलं होतं. मग मेहुण्याचा आला, कारण मेहुण्यांचा यावाच लागतो. पण असे गप्प बसलेले असताना सगळेच शहाणे दिसतात, हे त्याला दुपारीच कळलं होतं. तो हातपाय धुऊन आत गेला, माफी मागितली, आणि बोलणं चालू करायचं म्हणून सकाळपासूनची सगळी रामकहाणी सुरू केली. लिंबाचं नाव येताच आत्या पदराआड हसली. मेहुणा मांडी ठोकून हसला. आई, काका, खुद्द नवरदेवही हसला. हसले नाहीत ते फक्त आप्पाराव, जे दुपारपासून सगळ्यांत गोड बोलत होते.

शिवराजने आपली सतरंजी त्यांच्याकडे सरकवली. "आप्पाराव, तुमचं काय अडलंय?"

आप्पारावांनी घसा साफ केला. "राग येऊ द्यायचा न्हाई. सोयरिक म्हंजी अडीनडीला माणूस सापडला पायजे. आमी दीड तास बसलाव, तुमी न्हाईत. उद्या आमच्या घरी कार्य असलं आन तुमची मिल बंद पडली, तर तुमी कुणाचे?"

अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. शिवराजचा फोन वाजला. पडद्यावर चनमल्लप्पा. सहाही पाहुणे फोनकडे बघू लागले. दारात विजयश्री उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.

"शिवराज, अरे पुन्हा थांबली! पळत ये. कुठला असंल रे?"

शिवराज म्हणाला, "अण्णा, दानक्काला इचारा, काढलेलं लिंबू आता कुठं बांधलंय. तिथंच हाय बगा. आन एक, उद्या हैदराबादचं कार्ड सांगायचंय. सहाला सहा दारं. आज मी येत न्हाई. माझ्या घरी पावनं हैत."

त्याने फोन ठेवला, मग बंद केला, मग कोनाड्यात पालथा ठेवला. बावीस वर्षांत त्याने अण्णांना 'येत नाही' म्हटलेलं नव्हतं.

आप्पारावांनी एकदा कोनाड्याकडे बघितलं. मग त्यांनी ताटलीत उरलेला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "व्याही," ते म्हणाले, "चहा येऊ द्या की पुन्हा एकदा."

विरुपाक्षने अंगणातूनच हात जोडले. विजयश्री डोळे पुसत चुलीकडे पळाली, आणि आतल्या दाराआडून मंजुश्रीच्या बांगड्या वाजल्या. शिवराजला वाटलं, आता उठावं आणि आईला एकदा नीट समजावून सांगावं की लिंबाने आज काय अनर्थ केला असता.

पण शकुबाई आधीच त्याच्या शेजारी येऊन बसली होती. तिने लेकाच्या भुवईवरची चुनी पदराने पुसली आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बगितलास का लिंबाचा गुण? तुला उशीर झाला म्हणून तर सोयरिक जमली."