किरकोळ नावाची फाइल

राळेगावच्या रामरावांच्या घरात आतल्या एकाही दाराला कडी नव्हती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. निवृत्त ग्रामसेवक माणूस. आतल्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरवर दिवसभर काहीबाही टाइप करत बसायचे. प्रिंटर मात्र समोरच्या खोलीत, सूनबाईच्या कॉम्प्युटरला. संगीता तिथे लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. पीकविम्याला आलेल्या माणसांमधून सासरेबुवा बनियनवर, हातात पेनड्राइव्ह घेऊन दिवसातून दहादा फिरायला लागले, तेव्हा तिने वायर आणली आणि दोन्ही कॉम्प्युटर जोडून टाकले.

“मामाजी, तुमच्या फायलींले पासवर्ड ठेवू काय? नाही तं माह्या कॉम्प्युटरवर सगळं दिसन.”

“आपल्याच घरात कुलूप कायले लावते?” रामराव म्हणाले.

झालं. मोठेपणाच्या भरात माणसाला स्वतःच्या पोटातलं आठवत नाही.

दोन दिवसांनी भाजीत मीठ बेताचं पडलं. तिसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला न मागता चहा आला, तोही आल्याचा. बातम्या लागल्या की त्यांच्या पत्नी इंदूबाई आपणहून गप्प बसू लागल्या. वर पुसदच्या बदलीची गोष्ट सांगा म्हणून मागे लागल्या. ही गोष्ट सुरू झाली की आजवर सगळं घर उठून जायचं.

एकच दिवस रामराव खुशीत होते. मग मनात पाल चुकचुकली. गेल्याच महिन्यात यवतमाळला त्यांच्या छातीचा ईसीजी काढला होता आणि संगीताने सगळं बरं आहे म्हणून कागद ठेवून दिले होते. जित्या माणसाचे इतके लाड कोण करतं? नक्की आपले दिवस भरले. त्यांचं जेवण तुटलं. जेवण तुटलं म्हणून घरच्यांची माया वाढली, आणि माया वाढली म्हणून त्यांची खात्रीच पटली.

एका दुपारी त्यांनी ‘किरकोळ’ नावाची फाइल उघडली. आत वर्षभराच्या तक्रारी होत्या. मीठ, चहा, बातम्यांच्या वेळची बडबड, आपली गोष्ट कोणी ऐकत नाही. त्याखाली त्यांनी जड बोटांनी लिहिलं, ‘मले सारं समजलं. मी गेल्यावर इंदूले खिडकीजवळची खाट द्या. तिले उकाडा सहन होत नाही.’

पाच मिनिटांत इंदूबाई दारात हजर. नाकावर चष्मा, डोळ्यांत पाणी.

“तुमाले कोनं सांगतलं, तुमी मरून राह्यले म्हणून?”

रामरावांनी पडद्याकडे पाहिलं. मग दाराखालून समोरच्या खोलीत गेलेल्या वायरकडे पाहिलं. मीठ, चहा, पुसद, सगळ्याचा उलगडा झाला आणि लाजेने त्यांचे कान तापले.

“चाळीस वर्सं तोंडानं काहून नाही सांगतलं?”

“तू ऐकलं असतं?”

इंदूबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसतं ऐकलं,” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत निघून गेल्या.

आपण जगणार याचं रामरावांना बरं वाटत होतं, आणि का कोण जाणे, रडूही येत होतं. पण माणसाला अब्रू असते. संध्याकाळी त्यांनी संगीताकडून पासवर्ड टाकून घेतला.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. सव्वाचार झाले. चहाचा पत्ता नाही. साडेचारला रामराव उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि घसा खाकरला. अशी विनवणी त्यांनी लग्नापासून एकदाही केली नव्हती.

“इंदू, आल्याचा च्या मिळन काय?”

इंदूबाईंनी तांदूळ निवडता निवडता मानही वर केली नाही.

“फायलीत लिवा.”